अठ्ठावीस नंबरचा डाग

या देशात तू कुणामुळे उभी राहिलीस, असं कुणी विचारलं तर मी आधी डॉककाकांचं नाव घेते आणि मग काय झालं ते सांगायला लागते. फुटबॉलवर इतकं प्रेम करणारा आणि फुटबॉलला इतका घाबरणारा दुसरा माणूस जगात नसेल. तीस वर्षं त्यांनी टेक्सासमधल्या एका लहानशा कॉलेजच्या टीमचे कपडे धुतले आणि त्या तीस वर्षांत एकही मॅच धड डोळ्यांनी पाहिली नाही. इथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू काखेत मारून एकाने पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला जमिनीवर पाडायचं, असा साधारण प्रकार. पाडापाडी हाच खेळ असल्यामुळे धुणं भरपूर. त्या धुण्यावर काकांचा संसार झाला, आणि पुढे माझाही.

काका मूळचे इचलकरंजीचे. कापडाच्या रसायनांवर पीएच.डी. करायला म्हणून ते या कॉलेजात आले, आणि प्रबंध लिहून होईपर्यंत तात्पुरतं काम म्हणून टीमच्या धुलाईखोलीत लागले. प्रबंध राहिला, तात्पुरतं काम टिकलं. टीममधल्या मुलांना वाटायचं की एवढा चष्मा लावून डागाकडे बघणारा माणूस डॉक्टरच असणार, म्हणून ती त्यांना 'डॉक' म्हणायची. मराठी मंडळातल्या लोकांनी त्याला नुसतं 'काका' जोडलं. काकांनी कुणाचीच चूक दुरुस्त केली नाही. मला मात्र पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगून टाकलं. "हे बघ, तू नववी सोडलीस, मी पीएच.डी. सोडली. सोडलंच ना दोघांनी? आपला हुद्दा एकच."

माझी नववी सुटली ती बाबांचा हात इस्त्रीखाली भाजला तेव्हा. जयसिंगपूरला आमची लाँड्री होती. दोन महिने दुकान सांभाळायचं ठरलं होतं, त्याची दहा वर्षं झाली. मग लग्न झालं. यांच्या मोठ्या बहिणीने यांना अमेरिकेत आणलं होतं, हे त्या कॉलेजच्या गावातल्या एका मोटेलात कामाला होते, आणि यांच्या मागून मी आले. आल्यापासून मला एकाच प्रश्नाची धास्ती होती. मंडळात नवीन बाई दिसली की सगळ्या जणी प्रेमाने विचारायच्या, "तुमचं काय झालंय? एम.एस. की एम.बी.ए.?" मी भांडी उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायची. त्या वर्षी जवळच्या अर्विंग शहरात मंडळाचा गणपती होता आणि मी अशीच आत उभी होते, तेवढ्यात पांढऱ्या शर्टावर आमटी सांडलेले एक उंच, काटकुळे गृहस्थ आत आले आणि नळाखाली साबण घेऊन शर्ट घासायला लागले. माझ्याने राहवलं नाही.

"काका, घासू नका. साबण लागला की हळद लाल होते. नुसता उन्हात टाका, उडून जाईल."

ते थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? बाबांची लाँड्री होती."

"बरं. रक्ताचा डाग?"

"गार पाणी. गरम लावलं की बसला."

"गवताचा?"

"आधी स्पिरिट, मग साबण."

"डांबर?"

"खोबरेल तेल."

"घामाचा, जुना, पिवळा?"

"तो जात नाही, काका. जातो म्हणणारा खोटं बोलतो."

काका तसेच ओल्या शर्टाने हसत उभे राहिले आणि म्हणाले, "सोमवारी ये." या देशात मला उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस.

सोमवारी कॉलेजच्या कचेरीत त्यांनी माझ्यापुढे फॉर्म ठेवला. त्यात शिक्षणाचा रकाना होता. माझं पेन तिथे अडकलं. हळूच म्हटलं, "काका, इथे बारावी लिहिलं तर?" काका म्हणाले, "नववी लिही. डाग झाकून ठेवला की पिवळा पडतो, तुला मी सांगायचं का?" मी नववी लिहिली. कचेरीतल्या बाईंनी तो रकाना पाहिलासुद्धा नाही. त्यांना फक्त मला पन्नास पौंडांची टोपली उचलता येते का, एवढंच हवं होतं.

धुलाईखोली म्हणजे काकांचं संस्थान. तिथे तीन मोठी मशिनं होती. त्यांची नावं पंचगंगा, कृष्णा आणि वारणा. वारणा जुनी होती, खालून गळायची, तिच्याशी काका जरा मऊ बोलायचे. तिघींचं पाणी भिंतीपाशी ज्या मोरीत जायचं तिला ते संगम म्हणत, आणि तिथे चपला घालून कुणी गेलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. मोज्यांच्या जोड्या ते वास घेऊन लावत. सगळे मोजे एकसारखे असताना अमक्याचा डावा तमक्याच्या उजव्याला लागला तर टीमचं काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे इतक्या दुःखाने पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

मॅच शनिवारी व्हायची, पण काकांची मॅच रविवारी सकाळी सुरू व्हायची. मळलेल्या शर्टांच्या टोपल्या आल्या की ते एकेक शर्ट दिव्याखाली धरत आणि वाचत. "हा चारदा पाठीवर आपटलाय, म्हणजे समोर न बघता स्टँडमध्ये कुणालातरी शोधत होता. हा गुडघ्यावर गेला, पण मागे ढकललेला नाही, शाब्बास. याच्या कोपरावर दुसऱ्या टीमचा रंग आहे, बघ. जोरात भिडला." मग सगळं एका जाड वहीत मराठीत लिहायचं: नंबर, डाग कुठे, कशाचा, केवढा. टीमचे प्रशिक्षक, म्हणजे कोच, मॅचची फिल्म पाहून डोकं दुखलं की रविवारी दुपारी खोलीत येऊन टोपलीवर बसत आणि विचारत, "डॉक, आपण का हरलो?" काका वही बघून सांगत. कोचच्या सांगण्याप्रमाणे काका फारसे चुकत नसत.

एवढं सगळं, पण मॅच बघायची नाही. टीमपैकी कुणी पडलेलं काकांना बघवत नसे, आणि या खेळात दर मिनिटाला कुणीतरी पडतं. शिवाय फार पूर्वी एकदा त्यांनी दारातून डोकावलं आणि त्याच क्षणी एका मुलाचा पाय मोडला, असं ते सांगत. तेव्हापासून शनिवारी दुपारी ते वारणा रिकामीच चालू करून तिच्याजवळ बसत. तिची घरघर एवढी की मैदानावरचा गलका ऐकू यायचा नाही. टीमच्या मुलांनीही ते मानून घेतलं होतं. डॉक बाहेर आला की अपशकुन.

मी लागले त्याच महिन्यातली एक गोष्ट आहे. एका शर्टाच्या खांद्यावर गवताचा हिरवा पट्टा होता. काकांनी तो बराच वेळ दिव्याखाली धरला. "हा मैदानात गेलाच नाही," ते म्हणाले. "मधल्या गवताला रेघांची पांढरी पूड असते. हे कडेचं गवत आहे. सगळे आत गेल्यावर पोरगं कडेला लोळलंय." मला हसू आलं. काका हसले नाहीत. त्यांनी तो शर्ट स्वतः धुतला आणि घड्या करताना रोज खेळणाऱ्या मुलांच्या ढिगात, सगळ्यात वर ठेवला. वहीत काहीच लिहिलं नाही.

तो युद्धाचा काळ होता. इराकमधली लढाई सुरू होऊन दीडेक वर्ष झालं होतं. गावातल्या दुकानांच्या काचांवर लढाईवर गेलेल्यांसाठी पिवळ्या फिती चिकटवलेल्या असत, यांच्या मोटेलातल्या टीव्हीवर दिवसभर वाळूचं वादळ आणि रणगाडे दिसत, आणि प्रत्येक मॅचआधी सगळे मिनिटभर डोकी खाली घालून उभे राहत. आमच्या टीमचा अठ्ठावीस नंबर राखीव सैन्यात होता. कॉलेजच्या फीला मदत होते म्हणून त्याने नाव घातलं होतं, आणि सीझनच्या तिसऱ्या मॅचनंतर त्याला बोलावणं आलं. मी लागण्याच्या आठवडाभर आधी तो गेला. काकांनी मला एवढंच सांगितलं होतं. त्याच्या लष्करी शर्टाचं बटण त्यांनी शिवून दिलं होतं, आणि ते सांगताना ते दुसरीकडे बघत होते. त्याच्या खेळाच्या शर्टाबद्दल ते बोलले नाहीत, आणि मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीत मी कधी गेले नव्हते. त्यामुळे पुढचं सगळं घडलं.

इचलकरंजीच्या माणसाला खंडेनवमी सुटत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मागाला हळदकुंकू लागलंच पाहिजे. काका दरवर्षी धुलाईखोलीत पूजा मांडत: तिन्ही मशिनं, शिलाईमशीन, हवा भरायचा पंप आणि टीमची सगळी हेल्मेटं. प्रत्येक हेल्मेटला आतून कुंकवाचं बोट लावायचं आणि मुलांना साखर-खोबरं वाटायचं. वीस वर्षांच्या सवयीने मुलांना तो टीमचाच रिवाज वाटायचा. आईबापांपैकी कुणी विचारलं तर ती सांगत, "आज मशीन डे आहे."

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली आणि दसऱ्याला मॅच. आदल्या संध्याकाळी काकांनी मला बजावलं, "लवकर ये, सगळं लख्ख कर. मी झेंडू घेऊन येतो." मी सहाला पोचले. हेल्मेटं पुसली, मशिनं पुसली, संगम घासला. चौरंगावर मधोमध एक शर्ट घडी करून ठेवला होता. परगावी खेळताना घालतात तसला पांढरा, अठ्ठावीस नंबरचा. मी उलगडला, तर डाव्या खांद्यावर वीतभर हिरवा-तांबडा डाग आणि सगळ्याला घामाचा कुबट वास. माझ्या मनात आलं, लढाईवर गेलेल्या पोराचा शर्ट काकांनी पूजेला ठेवलाय आणि गडबडीत धुवायचा राहिला. मळका कपडा देवापुढे ठेवायचा कसा? मी स्पिरिट घेतलं. आयुष्यात इतकं मन लावून मी दुसरा डाग काढला नाही. पाऊण तास गेला. मग कृष्णेत घातला, वाळवला, इस्त्री केली. खांद्यावर डाग होता असं शपथेवर सांगूनही कुणाला पटलं नसतं.

काका झेंडू घेऊन आले. शर्टाकडे बघितलं आणि फुलांची पिशवी हातातच राहिली. त्यांनी शर्ट दिव्याखाली धरला, डावीकडून, उजवीकडून, आतून.

"छान काढलास," ते म्हणाले. "कुठे होता तेसुद्धा कळत नाही."

मग स्टुलावर बसले आणि मला सगळं सांगितलं. जाताना त्या मुलाने शर्ट खुंटीला लावला आणि म्हणाला होता, मी परत येईपर्यंत धुऊ नका. तेव्हापासून मैदानात जाताना प्रत्येक जण त्या खांद्याला हात लावून जायचा. काकांनी तो एका दिवसासाठी, पूजेपुरता मागून आणला होता.

नोकरी जाईल हे मनात आलं, नाही असं नाही, पण ते मागाहून. आधी एवढंच आलं की त्या पोराला काही झालं तर ते माझ्या हातून झालं. तो परत येणार याची एकच खूण होती आणि मी ती स्पिरिट लावून काढली.

"रडू नकोस," काका म्हणाले. "डाग पुन्हा पाडता येतो. वहीत माप आहे."

सकाळी नऊ वाजता आम्ही मैदानावर गेलो. काकांनी स्वतःच्या कपड्यांवर तो शर्ट चढवला. तो त्यांच्या मांडीपर्यंत आला. दोन्ही खांद्यांना त्यांचे खांदे पुरेनात, म्हणून मी आत टॉवेल कोंबले. मी हातात वही घेऊन उभी. "डावा खांदा, वीतभर, तिरका, पुढून मागे," मी वाचून दाखवलं. काका चार पावलं पळाले आणि थांबले. पुन्हा पळाले, पुन्हा थांबले. "मन तयार आहे गं," ते म्हणाले, "पण गुडघे आधीच विचारतात, कशाला?" गवत कापणाऱ्या माणसाने मशीन बंद केलं आणि तो टोपी काढून बघत बसला. पाचव्या खेपेला काका डोळे मिटून खरोखर पडले. मी धावत गेले. त्यांनी पडल्या पडल्या विचारलं, "आला का डाग?"

"आला, काका."

"नीट आला का?"

"उजव्या खांद्यावर आला."

काका आडवेच राहिले. मग म्हणाले, "धू तो. मी आयुष्यभर डागांचं खरं मानत आलो आणि आता म्हातारपणी त्यांना खोटं बोलायला लावतोय. जे आहे ते सांगू."

दुपारी मुलं साखर-खोबऱ्याला आली. त्यांच्या पुढे कप्तान, दोन दारांच्या कपाटाएवढा. शर्ट बघून सगळे दारातच थांबले. काका पुढे झाले आणि म्हणाले, "मी धुतला." मी प्रसादाचं ताट धरून मागे उभी होते. तोवर मी त्या मुलांशी गुड मॉर्निंगपलीकडे बोलले नव्हते. पण माझ्या वाटणीचं त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलेलं मला बघवेना. मी म्हटलं, "नो. आय वॉश. मी. नॉट डॉक." काका माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटले, "गप बस की. माझ्या खोलीत जे धुतलं जातं ते मीच धुतलेलं असतं." कप्तानाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण भांडण कशावरून आहे ते त्याला कळलं असावं. त्याने शर्ट हातात घेतला, स्वच्छ खांद्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "ठीक आहे. आता आपल्याकडे शकुनच नाही, तर अपशकुनाला काय घाबरायचं? उद्या डॉक बाहेर येऊन मॅच बघेल. आणि तू," माझ्याकडे बोट करून, "त्याला धरून ठेव. नाहीतर पळेल."

अशा रीतीने दसऱ्याच्या दिवशी काका मैदानाच्या कडेला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला कुंकू, आणि खेळ सुरू होताच डोक्यावरून टॉवेल. एका हाताने माझं मनगट घट्ट धरलेलं.

"काय चाललंय?" टॉवेलमधून आवाज आला.

"सगळे पडलेत."

"सगळे कसे पडतील? चेंडू कुणाकडे आहे?"

"असेल कुणाच्यातरी खाली."

"आपले वर आहेत की खाली?"

"मला खेळ कुठे कळतो, काका? सगळे मळलेत."

"मळलेत ना? मग बरंय. पुढे सांग."

"शिट्टी वाजली. उठले. आता पुन्हा पडले."

"अगं, जरा तपशील दे. ज्ञानेश्वरी सांगितल्यासारखा नको, पण निदान कुठल्या अंगावर पडले ते तरी."

असं दोन तास चाललं. शेवटच्या भागात आमचा एक जण चेंडू घेऊन सुटला. मी सांगितलं, "एक जण पळतोय. आपलाच आहे."

"कुणीकडे?"

"इकडेच. काका, तो इकडेच येतोय. काका, सरका."

त्यांनी टॉवेल काढला तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या टीमच्या दोघांनी त्या मुलाला रेघेबाहेर ढकललं आणि तिघेही काकांना घेऊन गवतात गेले. मी ओरडायचंही विसरले. ढिगाच्या खालून आधी चष्मा आला, मग हात, मग काका. कप्तान त्यांना उचलायला धावला. पण काका मान वाकडी करून स्वतःचा शर्ट बघत होते. डाव्या खांद्यावर वीतभर, हिरवा, मध्ये चुन्याची पांढरी रेघ.

"हा बघ," ते मला म्हणाले, इतक्या आनंदाने की मला त्यांच्या डोक्याला मार लागला की काय असं वाटलं. "याला म्हणतात डाग."

त्यानंतर चार मिनिटं काकांनी टॉवेल न घेता मॅच पाहिली. तेवढीच. पाचव्या मिनिटाला त्यांचाच लाडका मुलगा आडवा झाला आणि टॉवेल पुन्हा डोक्यावर गेला. आम्ही तीन गुणांनी हरलो. मला कुणी काही बोललं नाही, आणि त्यामुळे माझी भीती जास्तच वाढली. पुढचे दहा दिवस मी मोटेलातल्या टीव्हीसमोरून मान खाली घालून जात होते. पडद्यावर खाली लढाईत मेलेल्यांच्या नावांची पट्टी सरकायची. मला इंग्रजी सावकाश वाचता यायचं, आणि ती पट्टी माझ्यासाठी थांबत नसे. हे रोज सकाळी ती वाचून "नाही" म्हणत, मग मी चहा घेई.

अकराव्या दिवशी काका हातात कागद घेऊन आले. कप्तानाने त्या मुलाला सगळं कळवलं होतं आणि त्याचं उत्तर आलं होतं. काकांनी मला ते मराठीत वाचून दाखवलं, मशिनं बंद करून. "डॉक, शर्ट धुतला ते बरं केलंत, त्याला मेलेल्या बकऱ्याचा वास येत होता. इथे सगळ्यात धूळ आहे, अन्नात, दातांत, बंदुकीत. स्वच्छ कपड्याचा वास कसा असतो ते मी विसरलोय. ज्या बाईने तो डाग काढला, तिला विचारा, मोजे पाठवता येतील का." काकांनी चष्मा काढून पुसला. मी तोवर मोज्यांच्या कपाटाशी पोचले होते.

त्या सीझनभर आणि पुढच्या सीझनभर दर पंधरा दिवसांनी आमचं पुडकं गेलं. बारा जोड, धुतलेले, वाळवलेले, घडी घातलेले. काका प्रत्येक जोडीचा वास घेऊन मगच पुडकं बांधत. डावा-उजवा जुळवण्याचा त्यांचा आग्रह मला तेव्हा पहिल्यांदा कळला. सीझन काही मोठा झाला नाही. आम्ही जिंकलो त्यापेक्षा हरलो जास्त. शर्ट मात्र खुंटीवर परत गेला, पांढराशुभ्र. मुलं पूर्वीसारखीच जाताना खांद्याला हात लावत. दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला काकांनी तो पूजेला आणला आणि मला हाक मारली. डाव्या खांद्यावर करडा, तेलकट, ओबडधोबड डाग पडला होता. पन्नास-साठ पंजे रोज एकाच जागी लागून पडलेला. काकांनी वही उघडली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं: "अठ्ठावीस. डावा खांदा. हातांचा. धुवायचा नाही."

तो मुलगा त्यानंतरच्या वसंतात परत आला. एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि खेळणं संपलं होतं. पण चालत आला, आणि उलट्या टोपलीवर बसून त्याने आमच्याबरोबर शिरा खाल्ला. शर्ट बघून म्हणाला, "हा माझा डाग नव्हे." काका त्याच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाले, "नाही. हा तू नव्हतास तेव्हाचा." त्याने तो शर्ट माझ्याकडे दिला आणि धुवायला सांगितलं. मी तो मशिनात घातला नाही. हाताने, गार पाण्यात धुतला. काका नळ धरून उभे राहिले.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले आणि मुलीकडे सनीव्हेलला गेले. जाताना खोलीच्या किल्ल्या आणि ती वही माझ्या ताब्यात दिली. "वारणेला जप," एवढंच म्हणाले. आता त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजत चाललाय, समोरचं अंधूक दिसतं. रविवारी सकाळी मी फोन कानाशी धरून एकेक शर्ट दिव्याखाली घेते आणि वाचून दाखवते, आणि तिकडून ते सांगतात, कोण भिडला, कोण घाबरला, कोण कडेला लोळला. कडेला लोळलेला असला की वहीत काही न लिहिता मी तो शर्ट ढिगात वर ठेवते. इंग्रजी आता मला बरं वाचता येतं. फॉर्मवर मी अजूनही नववीच लिहिते, पेन अडकत नाही.

काका, एका शनिवारी मी तुम्हाला इथे घेऊन येणार आहे. कडेला खुर्ची टाकीन, तुमच्या हाताशी माझं मनगट देईन. टॉवेल आणायची गरज आता उरलेली नाही, म्हणून बघणं माझ्याकडे लागलं. त्या दसऱ्याला तुम्ही दोन तास विचारत होतात आणि मी नुसतं "सगळे पडलेत" म्हणत होते. या खेपेला कोण पडला, कुठल्या खांद्यावर, कडेच्या गवतात की मधल्या, आणि उठला की नाही, एकूण एक सांगेन. उठल्याचं आधी सांगेन.